उपग्रहाला सातबारा दिसत नाही

सप्टेंबर २०१५ ची गोष्ट. तेव्हा आम्ही सिंगापुरात होतो. मी एका प्रोजेक्टवर, बायको घरून काम करायची आणि लेक चार वर्षांची. सकाळी खिडकीतून समोरची इमारत दिसायची नाही. वास असा, की शेजारी कोणीतरी ओला पाला पेटवलाय आणि विझवायला परत आलेलंच नाही. २५ तारखेला सरकारने शाळा बंद ठेवल्या. हवेचा निर्देशांक ३०० च्या वर गेला होता. लेकीला खोकल्याची ढास लागली होती आणि डॉक्टरांकडे सांगण्यासारखं एकच होतं: खिडक्या बंद ठेवा, बाहेर पडू नका.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. संकट आलं की आपण काय करतो? कोड लिहितो!

मी आणि दोन मित्रांनी सलग दोन वीकांत बसून एक डॅशबोर्ड बनवला. नासाच्या उपग्रहांना जिथे जिथे जमिनीवर आग दिसते, त्या ठिकाणांचा विदा फुकट मिळतो. तो घेतला, नकाशावर लाल ठिपके टाकले, वाऱ्याची दिशा दाखवणारे बाण टाकले. सुमात्रा आणि कालिमांतान (म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) गोवर उठल्यासारखे लाल दिसायला लागले. आम्ही जाम खूश. सोमवारी हापिसात सगळ्यांना दाखवला. 'ऑसम', 'कूल', वगैरे झालं.

आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक इंडोनेशियन मुलगा होता. त्याचे आईवडील पश्चिम कालिमांतानात पाँतियानाकला राहायचे. त्याने शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाला, "आग लागलीय हे आईला खिडकीतून दिसतंय. ही जमीन कोणाची आहे ते दाखवता येईल का?"

मंडळी, आमच्या डेटाबेसात तो कॉलम होता. मीच टाकला होता. अक्षांश, रेखांश, वेळ, तापमान, खात्रीची टक्केवारी, आणि शेवटी 'मालक'. म्हटलं, कुठूनतरी मिळेलच. हजारो ओळी भरल्या आणि त्या कॉलमात वरपासून खालपर्यंत नल, नल, नल.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. एआय वापरून इंडोनेशियातल्या आगी 'आधीच ओळखणारं' एक नवं मॉडेल. चकाचक नकाशा, त्यावर लाल-पिवळे ठिपके. खाली टाळ्यांचा पाऊस. मी विचारलं, "यात जमिनीचा मालक दिसतो का?" त्यावर एकाने हसरा चेहरा टाकला आणि चर्चा क्रिकेटवर गेली.

तर आज जरा भांडायचंय. आपल्याच जमातीशी.

भुशाची शेगडी

आधी ही आग काय आहे ते समजून घेऊ, कारण ही आपल्या डोक्यातली 'जंगलाची आग' नव्हे.

ज्यांच्या आजीकडे भुशाची शेगडी होती त्यांना पटकन कळेल. मधे बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. ज्वाळा फारशी नाही, पण शेगडी तासन् तास आतल्या आत धुमसत राहते. ओला भुसा असेल तर पेटतच नाही, आणि एकदा नीट पेटला की वरून तांब्याभर पाणी टाकून विझत नाही.

पीट म्हणजे निसर्गाने हजारो वर्षं ठासून भरलेली अशी शेगडी. दलदलीत झाडं पडतात, पानं पडतात, पण पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नसल्याने ती पूर्ण कुजत नाहीत. वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर या हिशोबाने थर साचत जातो. इंडोनेशियात तो काही ठिकाणी दहा मीटरहूनही जाड आहे. तिथे या मातीला 'गांबुट' म्हणतात. ती पाण्याने भरलेली असते तोवर पेटत नाही. पाणी काढून घेतलं की तिचं सरपण होतं.

आणि पाणी आपोआप जात नाही हो. कोणीतरी चर खणतं तेव्हाच जातं.

सगळ्यात मोठे चर सरकारनेच खणले. १९९५ साली तत्कालीन अध्यक्ष सुहार्तो यांनी हुकूम काढला, की मध्य कालिमांतानात दहा लाख हेक्टरवर भातशेती करायची. 'मेगा राइस प्रोजेक्ट'. १९९६ पासून दलदलीतलं जंगल तोडलं आणि हजारो किलोमीटर कालवे खणले. भात काही पिकला नाही. ती जमीन भाताची नव्हतीच. १९९७ साली एल निन्योचा दुष्काळ आला आणि कोरडी पडलेली शेगडी पेटली. पुढे प्रकल्प गुंडाळला, कालवे मात्र तसेच राहिले.

त्या आगीचा हिशोब उपग्रहानेच लावून दिला. सुझन पेज आणि सहकाऱ्यांनी लँडसॅटची छायाचित्रं आणि जमिनीवरची मोजमापं एकत्र करून २००२ साली 'नेचर'मध्ये अंदाज मांडला: १९९७ मध्ये इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलांतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला. त्या काळात जगभरातलं कोळसा-तेल-वायू जाळून वर्षाला जेवढा कार्बन जायचा, त्याच्या १३ ते ४० टक्के. एका देशातल्या काही महिन्यांच्या आगीतून!

म्हणजे उपग्रहावरून पीट बघायचं आणि आगीशी त्याचं नातं जोडायचं, हे काम वीस वर्षांहून जुनं आहे. कोणी 'क्रांतिकारी' म्हणून विकायला आलं तर हे लक्षात ठेवा.

उपग्रहाला काय काय दिसतं

मला तंत्रज्ञानाला नावं ठेवायची नाहीत. उलट ते किती पुढे गेलंय हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दाच कळणार नाही.

पहिला थर आगीचा. २०१५ मध्ये आम्ही वापरला तो मोडिस नावाच्या उपकरणाचा विदा. एक ठिपका म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन. त्याच्या नंतरच्या व्हिअर्सने तो ३७५ मीटरवर आणला. उपग्रह वरून गेल्यावर काही तासांत ठिपका तुमच्या स्क्रीनवर. यात दोन गोच्या आहेत. ढग आणि दाट धूर असला की दिसत नाही, आणि जमिनीखाली धुमसणारी आग वरून थंड वाटते म्हणून निसटते. शिवाय ठिपका दिसला म्हणजे आग लागून चुकली. ही आगीची बातमी झाली, प्रतिबंध नव्हे.

म्हणून दुसरा थर: पीट नक्की कुठे आहे आणि किती जाड आहे. हे प्रकरण अवघड. झाडांच्या खालची माती उपग्रहाला थेट दिसत नाही. मग आडवळणाने जायचं. पीटवर कोणत्या प्रकारचं जंगल असतं, दोन नद्यांच्या मधे जमिनीला घुमटासारखा फुगवटा कुठे आहे, पाणी कुठे साचून राहतं. विमानातून लेझर मारून (लायडार) जमिनीची उंची सेंटिमीटरांत मोजायची, आणि मग माणसांनी चिखलात उतरून लांब दांड्याचा ड्रिल खुपसून खरी जाडी मोजायची. हे सगळं एकत्र करून नकाशा. वेगवेगळ्या नकाशांत आकडे किती बदलतात बघा. जुन्या एका अंदाजात इंडोनेशियात सुमारे २ कोटी हेक्टर पीट होतं. २०११ च्या सरकारी नकाशात १.४९ कोटी, २०१९ च्या नकाशात १.३४ कोटी. (तुलनेसाठी, अख्खा महाराष्ट्र ३.०८ कोटी हेक्टर.)

हा गोंधळ मिटवायला इंडोनेशियाच्या भू-माहिती संस्थेने २०१६ साली चक्क दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. पीटची व्याप्ती आणि जाडी मोजण्याची अचूक, जलद आणि परवडणारी पद्धत कोण देतं बोला. फेब्रुवारी २०१८ मध्ये जर्मन आणि इंडोनेशियन तज्ज्ञांच्या एका संयुक्त गटाने ते जिंकलं. उपग्रह, लायडार आणि चिखलातला ड्रिल, तिन्ही वापरून.

तिसरा थर पाण्याचा. आगीचा प्रतिबंध खरा इथे होतो. युरोपच्या सेंटिनेल-१ चं रडार ढगातून आणि धुरातून आरपार बघतं. एकाच जागेचे दोन वेळचे रडार-सिग्नल ताडून जमीन किती खचली ते मोजता येतं. पाणी काढलेलं पीट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर खचतं, त्यामुळे कोण किती पाणी उपसतंय याचा अंदाज वरूनच येतो. मोठे कालवे तर साध्या छायाचित्रातसुद्धा रेघा मारल्यासारखे सरळ दिसतात. निसर्ग एवढ्या सरळ रेषा काढत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? २०१४ चा नियम, २०१६ मध्ये आणखी कडक केलेला: पीटमधलं पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली गेलं तर त्या पीटची हानी झाली असं धरायचं. तीन मीटरहून जाड पीट राखून ठेवायचं. दुसरीकडे पामच्या झाडाला पाणी सहसा ५० ते ७० सेंटिमीटर खाली हवं असतं. भांडण कुठे आहे ते आलं ना लक्षात?

थोडक्यात काय, पीट कुठे, जाडी किती, कालवे कुठे, जमीन किती खचली, दुष्काळ कधी येणार, या सगळ्या प्रश्नांना आज बऱ्यापैकी उत्तरं आहेत. अचूकता ८५ वरून ९२ टक्क्यांवर न्यायला हरकत नाही, जरूर न्या. पण आग अडलीय ती त्या सात टक्क्यांवर, असं कृपया सांगू नका.

मग अडलंय कुठे?

अडलंय चौथ्या थरावर. सातबाऱ्यावर.

आपल्याकडे जमिनीच्या कारभारात बजबजपुरी आहे हे कबूल. पण महाभूलेखच्या साइटवर जाऊन गाव आणि गट नंबर टाकला की कोणालाही सातबारा बघता येतो. तलाठ्याच्या तावडीतून एवढं तरी सुटलं. इंडोनेशियात मोठ्या मळ्यांसाठी सरकार कंपन्यांना जमीन कसण्याचा हक्क देतं. त्याला 'हाक गुना उसाहा' म्हणतात, थोडक्यात एचजीयू. कोणत्या कंपनीला कोणत्या सीमेतली जमीन दिली याचे नकाशे सरकारकडे आहेत. फक्त ते लोकांना दाखवायचे नाहीत.

हे माझं मत नाही, कोर्टकचेरीत नोंदलेलं आहे. 'फॉरेस्ट वॉच इंडोनेशिया' ही संस्था या कागदांसाठी भांडली. मार्च २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही माहिती सार्वजनिक आहे, देऊन टाका. जमीन मंत्रालयाने दिली नाही. मे २०१९ मध्ये तर अर्थव्यवहार समन्वय मंत्रालयाने पामउद्योगाला पत्र पाठवलं, की एचजीयूची माहिती इतरांना देऊ नका. सर्वोच्च न्यायालय म्हणतं दाखवा, मंत्रालय म्हणतं लपवा.

बरं, एकच अधिकृत नकाशा असावा ही कल्पना सरकारला सुचली नव्हती असंही नाही. वेगवेगळ्या मंत्रालयांचे नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून 'वन मॅप' धोरण आलं. एक देश, एक नकाशा. डिसेंबर २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो यांच्या हस्ते त्याचं पोर्टल सुरू झालं. भारी काम, खरोखर कौतुक. पण तेव्हा पूर्ण नकाशा उघडायचा अधिकार कोणाला होता? मोजक्या मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना. ज्याच्या घरात धूर शिरतो त्याला लॉगिन नव्हतं.

शेजाऱ्यांचंही तेच. सिंगापूरने २०१४ मध्ये सीमेपलीकडून येणाऱ्या धुराविरुद्ध कायदा केला. त्यात एक हुशार तरतूद आहे: नकाशात ज्या कंपनीची जमीन दिसते तिनेच आग लावली असं गृहीत धरायचं, नाही हे तिने सिद्ध करावं. कायद्याचा सगळा डोलारा नकाशावर उभा. आणि इंडोनेशियाने आपले अधिकृत सीमांचे नकाशे द्यायला नकार दिला. उत्तम इंजिन, पेट्रोल नाही.

सगळ्यात जास्त चीड मला पालांकारायाच्या खटल्याची येते. मध्य कालिमांतानची ही राजधानी २०१५ मध्ये आठवडेच्या आठवडे पिवळ्या धुरात बुडाली होती. २०१६ मध्ये तिथल्या काही नागरिकांनी थेट अध्यक्षांपासून राज्यपालांपर्यंत सगळ्यांवर दावा लावला. पैसे मागितले नाहीत. मागण्या काय होत्या बघा: धुराच्या आजारांवर उपचाराची सोय करा, धुरापासून आसरा घ्यायला जागा करा, कुठे आग लागू शकते याचा नकाशा बनवा, आणि जळालेली जमीन कोणत्या परवानाधारक कंपनीकडे आहे ते जाहीर करा. खालच्या कोर्टात जिंकले, अपिलात जिंकले, जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. सरकारने फेरविचाराचा अर्ज केला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल फिरवला.

म्हणजे ज्यांच्याकडे ना सर्व्हर होता ना मॉडेल, त्या माणसांना २०१६ सालीच कळलं होतं की कोणता थर मागायचा. आणि आपण अजून ठिपक्यांचा रंग ठरवतोय.

"पण..."

आक्षेप येणारच. त्यांची दखल घेतो.

"आग छोटे शेतकरी लावतात, कंपन्या नाही." काही आगी छोटे शेतकरी लावतात हे खरं आहे. जमीन साफ करायचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग, ट्रॅक्टर कोणाकडे असतो? पण कुठली आग शेतकऱ्याची, कुठली कंपनीची आणि कुठली बाहेरून आत शिरलेली, हे ठरवायचं कसं? सीमा दाखवूनच ना? नकाशा उघडा केला तर निर्दोष कंपनीसुद्धा सुटेल. मग लपवाछपवी कोणाच्या फायद्याची? शिवाय छोटा शेतकरी काडी ओढतो ती बऱ्याचदा आधीच कोरड्या पडलेल्या पीटवर. पाण्याला सीमा कळत नाहीत. एकाने कालवा खणला की शेजाऱ्याचंही पीट सुकतं. काडी कोणाची हे विचारताना कालवा कोणाचा हेही विचारा.

"उपग्रहाच्या पुराव्यावर खटले जिंकलेत की!" हो, आणि तेच तर मी म्हणतोय. आचे प्रांतातल्या त्रिपाच्या दलदलीत सुमारे हजार हेक्टर जाळल्याबद्दल 'कलिस्ता आलम' कंपनीला २०१४ मध्ये ३६६ अब्ज रुपियांचा दंड झाला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ठिपके कोणाच्या सीमेत पडतात हे तिथे ठाऊक होतं, म्हणून ठिपके पुरावा झाले. तरीही वसुली वर्षानुवर्षं रखडली. आणि पुरावा उपग्रह देत नाही, माणूस देतो. बोगोरच्या कृषी विद्यापीठातले बाम्बांग हेरो सहार्जो जळालेल्या जमिनीवर जाऊन, मातीचे नमुने घेऊन कोर्टात साक्ष देतात. २०१८ मध्ये एका कंपनीने त्या साक्षीबद्दल उलट त्यांच्यावरच दावा ठोकला. पुढे तो मागे घेतला गेला, आणि २०१९ मध्ये त्यांना विज्ञानासाठी उभं राहिल्याबद्दलचा जॉन मॅडॉक्स पुरस्कार मिळाला. उपग्रहावर कोणी दावा लावत नाही. मालकाचं नाव घेणाऱ्यावर लावतात.

"२०१६ नंतर आगी कमी झाल्या, म्हणजे नकाशांचा उपयोग झाला." जानेवारी २०१६ मध्ये पीट पूर्ववत करण्यासाठी खास संस्था काढली, २० लाख हेक्टरांचं लक्ष्य ठेवलं, कालव्यांत बांध घातले, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली. चांगलं काम झालं, नाकारत नाही. पण २०१६ आणि २०१७ ही ओली वर्षं होती, पावसाचं श्रेय डॅशबोर्डला द्यायचं नाही. कोरडं २०१९ आलं, १६ लाख हेक्टर जळालं. एल निन्यो २०२३ मध्ये परत आला, ११ लाखांहून अधिक. २०१५ च्या २६ लाखांपेक्षा कमी, हे मान्य. पण शेगडी अजून कोरडीच आहे. त्या संस्थेची मुदत २०२४ अखेर संपली. आणि त्याच जुन्या मेगा राइसच्या जमिनीवर २०२० मध्ये सरकारने नवा 'फूड इस्टेट' जाहीर केला. तोपर्यंत पीटचे नकाशे होते, जळालेल्या जमिनीचे नकाशे होते, २५ वर्षांचा अनुभव होता. नकाशा नव्हता म्हणून ही चूक झाली असं कोण म्हणेल?

आपली गोची

आता मूळ भांडण. आपण, म्हणजे कोड लिहिणारे, पहिल्या तीन थरांवर एवढं प्रेम का करतो?

कारण त्या थरांवर कोणी रागावत नाही. पीटची जाडी मोजली तर टाळ्या मिळतात, पेपर छापून येतो, एखादा निधी मिळतो, सरकारी अधिकारी हसून फोटो काढतात. मालकाचं नाव लावलं की वकिलाची नोटीस येते. मग आपण म्हणतो, "आधी डिटेक्शन सुधारू या." दहा वर्षं हेच म्हणतोय. बग कुठे आहे हे माहीत असताना दुसऱ्याच फाइलमध्ये रीफॅक्टरिंग करत बसणारा सहकारी आठवतोय का? तसं. आरशात बघून सांगतोय, आमचा २०१५ चा डॅशबोर्ड हेच होता. 'मालक' कॉलम रिकामा राहिला म्हणून मी काय केलं असेल? डेमोच्या आधी तो लपवला! यूजरला नल दिसायला नको ना.

त्यातही शब्दांची गंमत बघा. आपण लिहितो, 'आगीला बळी पडू शकणारे क्षेत्र'. जसं काही क्षेत्राची पत्रिकाच वाईट. त्या क्षेत्रात कालवा आहे, कालव्याला पोकलेन लागला, पोकलेनचं बिल कोणीतरी भरलं, आणि परवान्यावर कोणाची तरी सही आहे. आपल्या लीजेंडमध्ये यातलं काही नसतं.

२०१५ ची किंमत एकदा डोळ्यांसमोर आणा. जागतिक बँकेने इंडोनेशियाचं नुकसान १६.१ अब्ज डॉलर मांडलं. सरकारी आकड्यांत थेट मृत्यू १९. हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी धुराचं गणिती मॉडेल वापरून केलेला अंदाज: तीन देशांत मिळून सुमारे एक लाख अकाली मृत्यू, त्यातले ९० हजारांहून अधिक एकट्या इंडोनेशियात. तिथल्या सरकारने तो आकडा मान्य केला नाही. ठीक आहे, मॉडेल आहे, वाद घाला. पण १९ आणि एक लाख यांच्या मधल्या अंतरात माझी लेक खोकत होती. आणि आम्ही निदान खिडक्या बंद करून, प्युरिफायर लावून बसू शकत होतो. पाँतियानाकच्या लाकडी घरात ते कुठून येणार?

आणि आपलं काय?

"तो इंडोनेशियाचा प्रश्न, आपण पुण्यात बसून काय करणार?"

उठा आणि स्वयंपाकघरात जा. बिस्किटाचा पुडा उलटा करून बघा. मग फरसाण, मग अंघोळीचा साबण. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे आणि त्यातलं पुष्कळ इंडोनेशियातून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने साधारण तीन आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्याकडे तेलाच्या भावाने किती धावपळ झाली ते आठवा. तो देश आपल्याला तीन आठवड्यांत हलवू शकतो, म्हणजे आपणही त्याचे काहीतरी लागतो. गिऱ्हाईक लागतो, आणि गिऱ्हाइकाने प्रश्न विचारायचे असतात.

युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला, की पामतेल विकायचं तर ते कुठल्या तुकड्यावर पिकलं त्याचे अक्षांश-रेखांश द्या. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, छोट्या शेतकऱ्यांना तो जाचेल ही भीतीही खोटी नाही. पण प्रश्न बरोबर विचारला. आपण सर्वांत मोठे गिऱ्हाईक असून भावाखेरीज काही विचारत नाही. तुमच्यातले किती जण बिस्किट-साबणाच्या कंपन्यांच्या सप्लाय चेनचं सॉफ्टवेअर लिहिता? त्या सिस्टिममध्ये तेल कुठल्या गिरणीतून आलं याचा एक रकाना असतो. गिरणीच्या पुढे मळ्यापर्यंतचा रकाना मागायला कोणाची परवानगी लागते? रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये एक वाक्य बोलावं लागतं, बस्स.

माझं म्हणणं एवढंच. पीटचा आणि आगीचा नकाशा बनवत असाल तर मालकीचा थर हा 'फेज टू' नसतो, त्याच्याशिवाय बाकीचं काम अर्धवट आहे. तो मिळत नसेल तर लपवू नका. रिकामा कॉलम ठसठशीत दाखवा आणि शेजारी लिहा, की न्यायालयाने २०१७ मध्ये ही माहिती द्यायला सांगितली होती आणि मंत्रालयाने दिली नाही. तेवढं लिहायला पीएचडी लागत नाही. आणि ज्या संस्था कोर्टाच्या पायऱ्या झिजवून ही माहिती मागताहेत, त्यांना आपल्या वीकांतातले चार तास द्या. जुने परवाने स्कॅन करणं, सीमा जुळवणं, नावं तपासणं. कंटाळवाणं काम आहे, त्याचा डेमो होत नाही.

असो. लेक आता चौदा वर्षांची आहे, खोकला तिथेच राहिला. तो टेस्टिंगवाला मित्र पाँतियानाकला परत गेला. गेल्या महिन्यात त्या व्हिडिओनंतर मी जुनी हार्ड डिस्क काढली आणि तो डेटाबेस उघडला. अजून चालतो. 'मालक' कॉलम लपवण्यासाठी लिहिलेली ती ओळ सापडली. ती काढून टाकली. आता नकाशावर कुठल्याही ठिपक्यावर टिचकी मारली की मालकासमोर ढळढळीत रिकामी जागा येते.

पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी असला व्हिडिओ टाकला, की तुम्हीही ती जागा कुठे आहे ते विचारा. क्रिकेटवर नंतर बोलू.